आई दीडपट वेगाने मरत नसते

बसा खाली. मागच्या बाकावर हसायला काय झालं? आज भूमिती नाही. आज शुक्रवारचा हिशेब.

शुक्रवारी सभागृहाच्या खिडक्यांना सतरंज्या बांधून तुम्हाला ‘श्यामची आई’ दाखवला. आचार्य अत्र्यांचा, 1953 सालचा. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला. अर्धा तास झाला नाही, तोच मागच्या दोन रांगांतल्या हनुवट्या निळ्या दिसायला लागल्या. शाळेत मोबाइल आणायचा नाही, हे किती वेळा सांगायचं? वर एक दीडशहाणा मला सांगतो, “सर, यूट्यूबवर आहे ना, दीडपट स्पीडने पाहून घेतो.” आई दीडपट वेगाने मरत नसते, बाळा.

साने गुरुजी आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला मास्तर होते. पुढे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी या सिनेमाचं मूळ पुस्तक लिहिलं. उघडलंय कुणी? त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. श्याम रोज रात्री सांगतो आणि भोवती बसलेले ऐकतात. मुळात चारचौघांत ऐकायची ही गोष्ट, आणि ती तुम्ही कानात बोंडं खुपसून एकेकट्याने उरकणार?

घरी आजीला विचारा. जत्रेत तंबूतलं टॉकीज यायचं. बसायला घरचं पोतं. रीळ तुटलं की अंधारात शिट्ट्या. खलनायक पडद्यावर आला की म्हाताऱ्या तिथूनच ओरडायच्या, “तुन्हं वाटोयं व्हई!” कुणाचं पोर किरकिरलं तर शेजारीण मांडीवर घ्यायची. एकीने पदर डोळ्याला लावला की रांगच्या रांग मुसमुसायची. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती.

तालुक्या-तालुक्यांतली थिएटरं बंद पडली, त्यात तुमचा दोष नाही. जळगावला जाऊन मल्टिप्लेक्सचं तिकीट काढणं घरोघरी परवडत नाही, हेही मला कळतं. पण शुक्रवारी तिकीट नव्हतं. पडदा होता, अंधार होता, शेजारी माणूस होता. तरी तुम्ही आपापल्या वीतभर काचेत जाऊन बसलात.

आणि खरा गुन्हा तो नाही. पुढच्या रांगेत एक मुलगी डोळे पुसत होती. तिला तुम्ही हसलात. मोबाइल मी एक वेळ माफ करीन, हे नाही करणार. दुसऱ्याच्या रडण्याशेजारी गुपचूप बसता येणं, एवढंच तर त्या तंबूत माणूस शिकायचा. तुम्हाला ते कुणी शिकवलंच नाही. त्यात मीही आलो.

येत्या शनिवारी सिनेमा पुन्हा, पहिल्यापासून. मोबाइल घरी ठेवायचा. बसायला पोतं आणायचं. घरात आजी असेल तर तिलाही आणायचं. ती रडेल. कुणी हसायचं नाही.

काढा वह्या.