दिवा आणावा की काठी?

गेल्या महिन्यात एका गावी कीर्तन आटोपून देवळाच्या ओसरीवर बसलो होतो. एक पंचविशीतला मुलगा पाया पडला आणि त्याने मोबाईल पुढे धरला. त्यात एका फाटक्या कपड्यांतल्या फिरस्त्याचा फोटो होता. खाली लिहिले होते, ‘मुले पळवणारा, सावध राहा.’ तो म्हणाला, “महाराज, हे पुढे पाठवू ना? खरं असलं तर एखादं लेकरू वाचेल. खोटं असलं तर कुणाचं काय जातंय?”

मी विचारले, “बाळा, याला मूल पळवताना पाहिलं कुणी?”

“ते माहीत नाही. पण सगळ्यांकडे आलंय.”

वाचकहो, कुणाचे काय जाते, ते ऐका. १ जुलै २०१८, रविवारचा दिवस. आषाढी तीन आठवड्यांवर आली होती. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले. त्यांतले बहुतेक आपल्या पंढरीशेजारच्या मंगळवेढे तालुक्यातले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी बातमी त्या भागात मोबाईलवरून आधीच पसरली होती. जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि जीव जाईपर्यंत मारले. चोखोबांच्या आणि दामाजीपंतांच्या मातीतली ही माणसे. त्यांनी कोणाचेही मूल पळवले नव्हते.

त्या साली देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे येतात, खेळणारे मूल उचलतात आणि पसार होतात. मूळ चित्रफीत कराचीची. आईबापांनी मुलांना जपावे म्हणून तेथे ती मुद्दाम तयार केली होती. तिच्या शेवटी ते दोघे परत येतात, मूल खाली सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवतात. कोणीतरी एवढा शेवट कापून टाकला. द्रोणाचार्यांचे असेच झाले. अश्वत्थामा पडला हे त्यांनी ऐकले, पडला तो हत्ती होता हे ऐकले नाही, आणि हातचे शस्त्र खाली ठेवले. संपूर्ण खोटे लवकर उघडे पडते. अर्धे खरे मात्र बेलाशक गावभर फिरते.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. न्यायशास्त्रात संशय वेगळा आणि विपर्यय वेगळा. तिन्हीसांजेला दूर काही उभे दिसते. तो खांब की माणूस, हे ठरत नाही. हा संशय. अंधारात दोरी पडली आहे आणि मन म्हणते, सापच! हा विपर्यय. संशय असलेला माणूस दिवा आणतो, विपर्यय झालेला काठी आणतो. राईनपाड्याला संशय नव्हता; संशय असता तर त्या पाचांना कोणीतरी गाव विचारले असते, पोलीसपाटलाला बोलावले असते. तेथे होती ती खोटी खात्री.

कोणी म्हणेल, “महाराज, संशयी माणसाचा नाश होतो, असे गीतेत भगवंतच सांगतात ना?” होय, सांगतात. पण ज्याला ज्ञानही नको आणि श्रद्धाही नको, त्या संशयात लोळणाऱ्याचा तो नाश. लगेच पुढे ते अर्जुनाला संशय तोडायला सांगतात तो ज्ञानाच्या तलवारीने. बहुमताने नव्हे, सगळ्यांकडे आलंय म्हणून तर नव्हेच. गौतममुनींनी सोळा पदार्थांत संशय तिसराच मोजला आणि निर्णय नववा. मधली पायरी एकही गाळली नाही. आपण मात्र अंगठा दाबून एका क्षणात निर्णयावर उडी मारतो.

मग मन मोकळे ठेवायचे म्हणजे जे येईल ते आत घ्यायचे काय? नव्हे. मोकळे मन म्हणजे बिनदाराचे घर नव्हे. दाराशी आलेल्याला कोठून आलास म्हणून विचारावे. चर्चेचेही तीन प्रकार शास्त्राने सांगितले. सत्य कळावे म्हणून तो वाद, जिंकावे म्हणून तो जल्प, दुसऱ्याचे नुसते मोडावे म्हणून ती वितंडा. गुन्हा कोणी केला हे ठाऊक नसते, तेव्हा पारावर आणि मोबाईलवर चालते ते बहुधा जल्प. ‘मी आधीच म्हटले होते,’ हे सांगण्याचा त्यात गोडवा असतो. वाद करणाराला ‘माझे चुकले’ म्हणण्याची तयारी लागते.

हे मी उंच पाटावर बसून सांगत नाही. एका वारीत आमच्या दिंडीतल्या एका म्हातारीची पैशांची पिशवी हरवली. वाटेत सोबत चाललेल्या एका अनोळखी माणसाकडे सगळ्यांची बोटे गेली. मला विचारले, तेव्हा मी मान हलवली. बोललो काहीच नाही. त्याला दिंडीतून काढून दिले. संध्याकाळी पिशवी ट्रकमध्ये, म्हातारीच्याच वळकटीत सापडली. तो माणूस मला पुन्हा भेटला नाही. क्षमा मागायची राहिली आहे, ती राहिलीच.

त्या मुलाला मी एवढेच म्हटले, “मूल खरंच हरवलं असेल तर पोलिसांकडे जा, मी सोबत येतो. नाहीतर या माणसाचा फोटो तुझ्यापाशी थांबू दे.” त्याने थोडा विचार केला आणि फोटो पुसून टाकला.

वारीत आपण अनोळख्याला माउली म्हणतो, त्याच्या पायावर डोके ठेवतो. तो कोण, कोठला, हे आपल्याला कोठे ठाऊक असते? न कळता पाया पडलो तर पदरचे काही जात नाही. न कळता चोर म्हटले, तर कोणाचा तरी जीव जातो.