जे आपले नाही ते पणाला

चेन्नईतील एग्मोर हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला विधानसभा मतदारसंघ. तेथील विद्यमान आमदारांची आमदारकी गेली ती दोन अगदी वेगळ्या रीतींनी. २०११ साली द्रमुकचे परिदी इळंवळुदी मंत्री असूनही डीएमडीके या पक्षाच्या उमेदवाराकडून थोडक्यात हरले. २०१६ साली निवडून आलेले द्रमुकचेच के. एस. रविचंद्रन मात्र २०२१ मध्ये मतदारांपुढे उभेच राहिले नाहीत. पक्षाने उमेदवारी आय. परंधामन यांना दिली आणि ते निवडून आले. पहिला निकाल मतदारांनी उघडपणे दिला, दुसरा पक्षश्रेष्ठींनी बंद दाराआड. निवडणूक जवळ आली की दोन्ही निकालांविषयी तर्क सुरू होतात आणि तर्कामागून पैसा येतो. राजस्थानातले फलोदी तर निवडणुकीवरच्या सट्ट्याच्या भावांसाठी देशभर ओळखले जाते. अमेरिकेत उमेदवार ठरवण्यासाठी पक्षांतर्गत मतदान होते आणि त्यात किती विद्यमान लोकप्रतिनिधी हरतील या नुसत्या आकड्यावरही पैजा लागतात. आपल्याकडे हाच प्रश्न ‘यंदा किती जणांचे तिकीट कापणार’ असा विचारला जातो. पैसा आपला, पैज दोघांच्या राजीखुशीने लावलेली, फसवणूक कोणाचीच नाही. मग यात अधर्म कोणता? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माझ्या मते यात अधर्म आहे. मात्र जुगाराविरुद्ध नेहमी सांगितली जाणारी कारणे तो दाखवायला अपुरी पडतात.

नेहमीचे कारण म्हणजे शास्त्राचा निषेध. पण शास्त्र एकमुखी नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त जुगाऱ्याची दैना मांडते, मनुस्मृती राजाला द्यूत मोडून काढायला सांगते, तिरुवळ्ळुवरांनी तिरुक्कुरळमधला चौऱ्याण्णवावा अध्याय याच व्यसनाला दिला आहे. उलट कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो आणि जिंकलेल्या रकमेचे शेकडा पाच राजाच्या खजिन्यात घेतो. दैना होते म्हणून द्यूत वाईट म्हणावे, तर ज्याला हरलेले पैसे परवडतात त्याच्यापुरता तो आक्षेप संपतो. खोल गेलेला प्रश्न सभापर्वात द्रौपदी विचारते. फासे खरे पडले की खोटे, हे ती विचारत नाही. युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला, हे ती विचारते. म्हणजे पणाला लावलेल्या गोष्टीवर लावणाऱ्याचा अधिकार होता का, हा तिचा मुद्दा आहे. भीष्मांना उत्तर देता येत नाही. विकर्ण देतो: द्रौपदी पाचही भावांची आहे, शिवाय युधिष्ठिर आधीच स्वतःला हरलेला होता, म्हणून हा पण ग्राह्य नाही. जे इतरांचेही आहे ते एकट्याने पणाला लावता येत नाही, हे या प्रसंगाचे नीतिसूत्र आहे.

तिकिटावरच्या पैजेत पणाला लागतो तो आपलाच पैसा, मग हे सूत्र इथे कसे लागू पडते, असे कोणी म्हणेल. लागू पडते, कारण पैशाबरोबर आणखी एक गोष्ट पणाला लागते आणि ती सगळी आपली नसते. लोकप्रतिनिधीला पुन्हा संधी मिळावी की नाही, याविषयी नागरिकाचे जे मत असते ते त्याची खासगी मालमत्ता नाही. ते त्याने आपल्या शेजाऱ्यांसाठी, मत नसलेल्या मुलांसाठी आणि ज्यांना आवाज नाही त्यांच्यासाठीही राखायचे असते. एग्मोरसारख्या राखीव मतदारसंघात तर त्या एका जागेमागे मोठ्या समाजाच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न असतो. ‘दहापेक्षा जास्त विद्यमान घरी जाणार’ यावर पैसा लावला की अकरावा माणूस चांगला आहे की वाईट, हा विचार अडगळीत पडतो. तो गेला पाहिजे, एवढेच उरते. मनुस्मृती निर्जीव फाशांवरचे द्यूत आणि सजीवांवरची पैज वेगळी मानते. तिच्यापुढे सजीव होते ते झुंजवले जाणारे प्राणी. इथे सजीव आहेत ती माणसे आणि त्यांच्यामागचे मतदार.

ही चिंता केवळ भारतीय नाही. १५९१ साली पोप चौदावे ग्रेगरी यांनी एक फर्मान काढून तीन गोष्टींवरच्या पैजा बहिष्काराच्या शिक्षेसह बंद केल्या: पुढचा पोप कोण होणार, पोप किती काळ जगणार आणि कार्डिनल कोणाला केले जाणार. फाशांचा किंवा पत्त्यांचा प्रश्न तिथे नव्हता. प्रश्न होता तो मोजक्या माणसांनी सदसद्विवेक शाबूत ठेवून घ्यायच्या निर्णयाचा. बाहेर त्या निर्णयावर पैसा उभा राहिला की आतली कुजबुज विकाऊ होते, हे कोणाही विचारी माणसाला उमजेल. बंद दाराआडची पक्षाची उमेदवारी हे अशाच निर्णयाचे आजचे रूप आहे.

पहिला गंभीर आक्षेप कायद्याच्या बाजूने येतो. १८७२ च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक ठरवते, म्हणजे जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल होत नाही. पण पैज लावणे म्हणजे अनीती, असे ते म्हणत नाही. घेरूलाल पारख खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. मुंबई इलाख्याने मात्र १८६५ सालीच पैजेला जोडून केलेले इतर करारही निरर्थक ठरवले होते आणि १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण नाकारले. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०२५ मध्ये झाला. एवढ्यावरून दिसते ते असे की कायदा काळाप्रमाणे कधी सैल, कधी कडक होतो. कायदा मुभा देतो म्हणून धर्म सुटत नाही, आणि बंदी घालतो म्हणून अधर्म सिद्ध होत नाही. नीतीचा निर्णय ज्याचा त्यानेच करायचा असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पैजेच्या बाजारात विखुरलेली माहिती एकत्र येते, असे त्याचे समर्थक सांगतात. १९८८ पासून आयोवा विद्यापीठात लहान रकमांचा असा बाजार संशोधनासाठी चालतो, आणि त्याच्या अंदाजांना अभ्यासक मान देतात. अमेरिकेत जिथे उमेदवारी हजारो मतदार ठरवतात तिथे या म्हणण्यात तथ्य आहे. २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहाचे चार विद्यमान सदस्य पक्षांतर्गत निवडणुकीत हरले, ते उघड मतमोजणीत. आपली रीत वेगळी आहे. पक्षाने उमेदवार कसा निवडावा, याविषयी आपला निवडणूक कायदा गप्प आहे. इच्छुक अर्ज भरतात, मुलाखती होतात, आणि शेवटी ठरते ते पक्षाचा अधिकृत उमेदवार कळवणाऱ्या एबी फॉर्मवर. पक्षाने अधिकार दिलेल्या माणसाची त्यावर शाईची सही लागते, शिक्क्याची सही चालत नाही, आणि अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो निवडणूक अधिकाऱ्याकडे पोहोचावा लागतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रात भाजपने एकनाथ खडसे, विनोद तावडे, प्रकाश मेहता आणि चंद्रशेखर बावनकुळे यांना उमेदवारी दिली नाही. हे यादी जाहीर होण्यापूर्वी ज्यांना ठाऊक होते ते मूठभर होते. तिथे माहिती विखुरलेली नव्हती, ती दडलेली होती. दडलेल्या माहितीवर भाव निघतो तेव्हा जनतेचे शहाणपण एकत्र येत नाही. सहीच्या आसपास वावरणाऱ्यांना पैसे मिळतात आणि बाकीच्यांचे जातात.

तिसरा आक्षेप असा की पत्रकारही अंदाज बांधतातच, आणि शंभर रुपये लावणाऱ्या साध्या माणसाने कोणाचे तिकीट वाचत किंवा कापले जात नाही. हे खरे आहे. पण अंदाज चुकला तर पत्रकाराची पत जाते आणि कारणे द्यावी लागतात. पैज चुकली तर फक्त पैसे जातात, कारणे द्यावी लागत नाहीत. आणि परिणाम करता येत नाही म्हणून कर्म निर्दोष ठरत असेल, तर एकटे मत देण्यालाही अर्थ उरत नाही. साध्या माणसाच्या पैजेने निर्णय बदलत नाही, पण निर्णयाकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. ‘का कापले’ विचारणारा नागरिक ‘किती कापले’ मोजू लागतो. पक्षांना याहून सोयीचे दुसरे काय असेल?

यावर उपाय नवा शोधायला नको. कांचीपुरमजवळच्या उत्तिरमेरूरच्या मंदिराच्या भिंतीवर परांतक चोळ राजाच्या काळातला, दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला शिलालेख आहे. गावच्या समित्यांचे सदस्य घड्यात नावाच्या चिठ्ठ्या टाकून निवडत. म्हणजे शेवटचा कौल दैवाचाच होता. पण चिठ्ठी टाकण्याआधीचे नियम दगडात कोरलेले होते: आदल्या तीन वर्षांत पद भोगलेला माणूस चालणार नाही, हिशेब न दिलेला चालणार नाही, त्याचे जवळचे नातेवाईकही चालणार नाहीत. कोणाचे नाव का गळले, हे तिथे प्रत्येकाला वाचता येत होते. दैव आणि निर्णय यांची सांगड घालता येते. मात्र कसोटी उघड हवी आणि त्यावर कोणाचा पैसा उभा नको.

म्हणून माझा निष्कर्ष असा. फाशांवरचा किंवा पत्त्यांवरचा जुगार माणसाचे स्वतःचे आणि त्याच्या घरच्यांचे नुकसान करतो. लोकप्रतिनिधींच्या उमेदवारीवरची पैज त्यापलीकडे जाते, कारण ती इतरांसाठी राखलेली आपली विवेकबुद्धी पणाला लावते. तो अधिकार आपल्याला नाही. ज्याला उद्याच्या उमेदवारीविषयी खरेच उत्सुकता आहे त्याने पैसे खिशात ठेवावेत आणि आपल्या पक्षाला लेखी विचारावे: विद्यमान आमदाराला वगळताना तुमची कसोटी कोणती होती, आणि ती आधी जाहीर का केली नाही?