शुद्धी आणि शंका

गेल्या कार्तिकात वसईजवळच्या निर्मळच्या यात्रेत कीर्तनसेवा झाली. आरतीनंतर एक माळकरी गृहस्थ जवळ येऊन बसले. हात पाण्याने भेगाळलेले. म्हणाले, "महाराज, जप पुरा होत नाही. एक मणी चुकला असं वाटतं, मग पुन्हा पहिल्यापासून. हात कितीही धुतले तरी ओवळेच वाटतात. आणि विठ्ठलासमोर उभा राहिलो की नको नको ते विचार येतात. मी महापापी आहे."

सज्जनहो, मनात आपोआप उठलेल्या विचाराचे पाप माणसाला लागते काय? दोष कर्त्याला लागतो, आणि संकल्पावाचून कर्तेपण नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारख्यालाही मन वाऱ्यासारखे अनावर वाटले. वाऱ्याने अंगणात पाचोळा आणून टाकला, तर घरधन्याला कोणी बोल लावतो का?

आपल्याकडे या अवस्थेला मंत्रचळ म्हणतात. हे पाप नव्हे, आणि भक्तीही नव्हे. हा विकार आहे. जगात शंभरांत एक-दोघांना तो आयुष्यात केव्हातरी जडतो. शंका येते, जीव घाबरतो, माणूस हात धुतो, घटकाभर बरे वाटते. त्या घटकाभराच्या सुखावरच पुढची शंका पोसते.

कोणी म्हणेल, नाथमहाराजांनीही वारंवार गोदास्नान केले. खरे आहे. अंगावर थुंकणाऱ्यावर न रागावता ते पुन्हा पुन्हा स्नानाला गेले, अशी कथा आपण सांगतो. पण तेथे शांती होती, येथे भीती आहे. स्नाने मोजू नका, त्यांच्यामागे काय आहे ते पाहा.

याला उपाय आहे. लंडनच्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली दोन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्याची भीती, त्याला मुद्दाम सामोरे जायचे आणि मग हात धुवायचे नाहीत. बेचैनी वाढते, पण तशीच सोसली तर हळूहळू ओसरते. आज हा उपचार जाणकाराच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने करतात. जोडीला औषधेही असतात; त्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नयेत. घरच्यांनी रागावू नये. तसेच "हो हो, झालं शुद्ध" असे शंभरदा सांगूही नये. तेही शंकेला खतपाणीच.

एक कबुली देतो. पूर्वी अशा माणसांना मीच "आणखी जप करा" म्हणून सांगत असे. ते आगीत तेल ओतणे होते, हे मला उशिरा उमगले.

त्या गृहस्थांना म्हणालो, "माउली, आधी मनाच्या डॉक्टरांकडे जा. नाम घ्या, पण मोजू नका. मणी चुकला तर चुकू द्या. पांडुरंग काही हिशेबनीस नाही." सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

नामाला सोवळे लागत नाही, ही तर आपल्या संतांची शिकवण. ती आधी आपल्या घरातल्या घाबरलेल्या माणसाला सांगू या.