मामा

बाबा गेले त्या दिवशी चर्चच्या सूचनाफलकासाठी चार ओळी लिहायच्या होत्या. भावाने लिहिलं : मनमिळाऊ, कुटुंबवत्सल, महापालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त. तो कागद घेऊन मी ओट्यावर बसले. समोर वलांडीवर बोंबील वाळत होते, आणि माझं मन एकाच शब्दापाशी अडलं. कुटुंबवत्सल. निधनवार्तेत हा शब्द इतक्यांसाठी वापरून झाला आहे, की त्यातलं वासरू आता कुणाला दिसत नाही. वत्स म्हणजे वासरू. वासराला चाटून कोरडं करणाऱ्या गायीची ओढ, ती वत्सलता. तो शब्द मायेचा आहे तसाच तो ओल्या, चिकट अंगाला हात लावण्याचाही आहे. म्हणून तो बाबांना शोभतो.

बाबा परळच्या केईएममध्ये वॉर्डबॉय होते. पहिली पाळी असली की ते अंधारातच उत्तन सोडत. भाईंदर स्टेशनापर्यंत बस, पुढे लोकल, मग एल्फिन्स्टन रोडला उतरून पायी. त्या स्टेशनाला आता प्रभादेवी म्हणतात. बाबांच्या तोंडी ते नाव शेवटपर्यंत आलं नाही. रात्रपाळी करून आले की पाठीमागच्या न्हाणीत साबणाने कोपरांपर्यंत हात धुवायचे, अंघोळ करायची, आणि मगच आम्हाला जवळ घ्यायचं. तोवर आम्ही दारात उभे. घरात सुक्या मासळीचा वास आणि बाबांच्या पिशवीला फिनेलचा.

वॉर्डात त्यांना नावाने हाक मारणारं फारसं कुणी नव्हतं. मुंबईच्या मोठ्या इस्पितळांत वॉर्डबॉय म्हणजे मामा आणि आया म्हणजे मावशी. डॉक्टर त्यांना मामा म्हणत, सिस्टर मामा म्हणत, साठीचा म्हातारासुद्धा मामाच म्हणे. ही नाती कुणी ठरवून वाटली नसतील, पण ती चुकलेली नाहीत. दोन्ही आईकडची आहेत. काका म्हटलं की मराठी घरात वाटण्या, बांध, सामाईक भिंत असं काहीबाही मागोमाग येतं. मामाच्या घरी आपण रिकाम्या हाताने आणि हक्काने जातो. इस्पितळात माणूस तसाच आलेला असतो. रात्री तीन वाजता ज्याला भांडं हवं असतं, तो कामगाराला हाक मारत नसतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नववा अध्याय चिकित्सेच्या चार पायांविषयी आहे : वैद्य, औषध, रोग्याजवळ उभा राहणारा परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार गुण सांगितले आहेत. परिचारकाला सेवेची माहिती हवी, तो दक्ष हवा, स्वच्छ हवा, आणि त्याला रोग्याविषयी अनुराग हवा. अनुराग हा गुण वाचून मी थांबले. प्रेम तिथे कामाची पात्रता म्हणून मोजलं आहे, वैद्याच्या ज्ञानाच्या पंगतीत. आपण मात्र पुढे या पायाला चतुर्थ श्रेणी म्हटलं. श्रेणी हा शब्द पगारपत्रकापुरता ठीक आहे. रोग्याच्या खाटेपाशी तो मला खोटा वाटतो.

आमच्या धर्मात रुग्णालयांचे आश्रयदाते संत आहेत जॉन ऑफ गॉड. जन्म १४९५ सालचा, पोर्तुगालचा. आमचं उत्तनही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्याच अमलाखाली होतं. त्या संताने ग्रानादा शहरात निराधार रुग्णांसाठी घर उघडलं, तिथली झाडलोट स्वतः केली. बाबांना त्यांच्याविषयी विशेष काही ठाऊक नव्हतं.

त्यांना ठाऊक होती ट्रॉली. लिफ्टच्या दाराशी आली की ते थांबत, वाकून रोग्याचे दोन्ही कोपर आत घेत, बोटं चादरीखाली सरकवत, मग पुढची चाकं उंबऱ्यावरून किंचित उचलून आत ढकलत. हे मी लहानपणी एकदा तिथे गेले होते तेव्हा पाहिलं. प्रत्येक वेळी तेवढाच वेळ, तेवढंच वाकणं. उतारावर रोग्याचं डोकं वरच्या बाजूला राहील असं वळवून घेत. मेलेल्या माणसाची हनुवटी बँडेजने बांधतानाही त्यांचे हात तितकेच सावकाश चालत, असं त्यांच्यासोबत काम केलेल्या एका मावशीने मयताच्या मिस्सेनंतर मला सांगितलं. बेवारस देहापाशी ते मनातल्या मनात प्रार्थना करत. घरी त्यांनी हे कधी काढलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते आईशेजारी बसून बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवून जोड्या करत आणि समुद्राकडे बघत राहत.

आम्ही रागावायचो. नाताळची रात्र त्यांना मिळे, कारण दिवाळीचे सगळे दिवस ते सोबत्यांसाठी काम करत. पण भावाच्या तापाच्या रात्री ते दुसऱ्यांच्या पोरांपाशी होते. आई एकटी बर्फाच्या घड्या ठेवत होती. तेव्हा वाटायचं, माया ही डब्यातल्या भातासारखी असते, तिकडे वाढली की इकडे कमी पडते. आज तसं वाटत नाही. पण आईच्या त्या रात्रीची भरपाई झाली असंही मी म्हणणार नाही.

२६ नोव्हेंबर २००८ ला कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले. अंजली कुलथे या परिचारिकेने वीस गर्भवती बायकांना सुरक्षित खोलीत नेलं. दोन पहारेकरी मारले गेले. बाबा टीव्हीसमोर उभे होते, बसलेच नाहीत. कितीतरी वेळाने म्हणाले, ‘वॉर्ड टाकून कुठं जाणार माणूस?’ गोळ्या सुटल्या म्हणून त्या रात्रीची ड्यूटी आपल्याला दिसली. एरवीच्या हजारो रात्रींना साक्षीदार फक्त रोगी असतो, आणि तो बरा झाला की घरी जातो.

शेवटच्या आठवड्यात बाबांनाच दाखल केलं. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. स्कॅनसाठी न्यायला एक तरुण मुलगा ट्रॉली घेऊन आला, पंचविशीचाही नसेल. मी हातात सलाईनची बाटली धरून शेजारून चालत होते. लिफ्ट जवळ आली तशी माझ्या तोंडून हाक गेली, ‘मामा, जरा सांभाळून.’ तो मुलगा वळून बघेपर्यंत, डोळे मिटलेल्या बाबांनी आपले दोन्ही कोपर हळूच आत घेतले होते.