आपल्याच माणसांशी मतभेद

आम्ही राहतो त्या रायस्वाइकच्या रानात एक उंच दगडी स्तंभ आहे. डच लोक त्याला 'नाल्ड' म्हणजे सुई म्हणतात. फ्रान्स आणि त्याच्याविरुद्ध एकत्र आलेली इंग्लंड, स्पेन, हॉलंड वगैरे राष्ट्रे यांचा १६९७ साली ज्या राजवाड्यात तह झाला, त्या वाड्याच्या जागी हा स्तंभ उभा आहे. बोलणी चालू असताना दोन्ही पक्ष वाड्याच्या वेगवेगळ्या भागांत बसत आणि मध्ये स्वीडनचा मध्यस्थ असे. शत्रूशी बोलताना अशी सोय करता येते. पण एकाच श्रद्धेच्या, एकाच घरातल्या माणसांचे बिनसले तर वेगळे दालन कुठून आणायचे?

मी मराठी ख्रिस्ती घरात वाढलो. 'खोटी साक्ष देऊ नये' ही आज्ञा लहानपणापासून पाठ. ती कोर्टकचेरीपुरतीच आहे, असे सहज वाटते. इथल्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या गेलेल्या १५६३ सालच्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीत मात्र तिचा अर्थ अगदी रोजच्या व्यवहारात आणून ठेवला आहे. कोणाच्या शब्दांचा विपर्यास करू नये आणि ऐकून घेतल्याशिवाय कोणाला दोषी ठरवू नये, असे ती सांगते.

हे किती अवघड आहे ते पंडिता रमाबाईंच्या पत्रव्यवहारात दिसते. १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना त्या चक्क 'आजीबाई' म्हणत. पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात गेल्या आणि त्रैक्याच्या सिद्धान्तापासून चर्चच्या अधिकारापर्यंत अनेक बाबतींत दोघींचे खटके उडू लागले. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे, की मला पटवून द्या. पण माझी सदसद्विवेकबुद्धी मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. जेराल्डीनबाईंना त्यात गर्व दिसला. माझ्या मते इथे त्यांचे चुकले. प्रश्नाचे उत्तर द्यायचे सोडून आपण विचारणाऱ्याच्या मनातले दोष शोधू लागलो, की चर्चा संपते आणि निवाडा सुरू होतो. कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांनी मात्र त्याच शंकांकडे प्रामाणिक शंका म्हणून पाहिले आणि धीराने उत्तरे दिली.

तरीही जेराल्डीनबाईंचे आपल्यावर एक मोठे ऋण आहे. त्यांनी ही पत्रे जपली, त्यांचे संकलन केले. त्यात त्यांना स्वतःला टोचणारी पत्रेही होती. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. आज आपण रमाबाईंची बाजू घेऊ शकतो, ती जेराल्डीनबाईंनी राखून ठेवलेल्या पुराव्याच्या जोरावर. विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत टिकू देणे, हा न्यायबुद्धीचा भाग झाला.

आता आपल्या मंडळांकडे वळू. गणपतीचा हॉल कुठला, वर्गणी किती, मुलांचे मराठी वर्ग कोणी घ्यायचे, यावर मतभेद होणारच. ते होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. पटत नसताना मान डोलावणे हासुद्धा खोटेपणाच आहे. रमाबाई गप्प बसल्या नाहीत, आणि त्यांनी पत्रव्यवहारही तोडला नाही. बिघडते कुठे, तर 'त्याला फक्त पद हवे आहे' असे आपण तिसऱ्याला फोनवर सांगतो तिथे. त्याच्या मनातला हेतू आपण पाहिलेला नसतो, आणि त्याने मांडलेला मुद्दा आपण सांगत नाही. ही खोटी साक्षच नव्हे का?

मला एक साधी रीत उपयोगी वाटते. आधी समोरच्याचे म्हणणे आपण मांडावे, तेही 'हो, मला हेच म्हणायचे आहे' असे तो म्हणेल इतके नीट. मग आपला विरोध स्पष्ट सांगावा. धर्म कोणताही असो, ही रीत सर्वांना पाळता येईल.

परक्या देशात आपली माणसे मोजकीच असतात. इथे वाढणारी आपली मुले मराठी किती उचलतील ठाऊक नाही. पण पाठीमागे कोणाबद्दल आपण कसे बोलतो, हे ती नेमके उचलतात.