आधी टॉवर, मग भोंगा

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात ‘इथं रेंज नाही’ हे वाक्य दोन सुरांत ऐकू येतं. गणेशगुडीच्या आसपास, काळी नदीच्या काठी मुक्कामाला आलेल्या शहरी पाहुण्याला ते सांगितलं जातं तेव्हा त्यात सुखाचं आश्वासन असतं. दोन दिवस फोन वाजणार नाही, कचेरीचा ग्रुप गप्प राहील, मुलं नदीत डुंबतील. त्याच तालुक्यात डिग्गीच्या बाजूच्या आतल्या वाडीतली बाई तेच वाक्य उच्चारते तेव्हा तिला म्हणायचं असतं की रात्री कुणाला साप चावला तर रुग्णवाहिकेसाठी 108ला फोन लागत नाही. पहिल्याला जे विकत घ्यावंसं वाटतं, त्यातून दुसरीला सुटायचं आहे.

डिजिटल साधनं आणि समाजमाध्यमं कमी वापरावीत, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. डॉक्टर सांगतात, शिक्षक सांगतात, खुद्द फोनही आठवड्याचा हिशेब दाखवून सांगतो. पण हा विचार कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे पाहायचं तर जोयड्यासारख्या ठिकाणी उभं राहून पाहावं. इथे त्याची खरी कसोटी लागते.

तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 50 हजारांच्या आसपास, तीही जंगलातल्या विखुरलेल्या वाड्यांतून. कुणबी आणि इतर समाजांची, कोकणी, मराठी, कन्नड बोलणारी माणसं शेजारी राहतात. काळी नदी याच तालुक्यात उगम पावून कारवारला समुद्राला मिळते. तिच्यावर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. दांडेली अभयारण्य आणि अंशी राष्ट्रीय उद्यान मिळून 2007मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, 2015मध्ये त्याला काळीचं नाव मिळालं. या जंगलात टॉवर उभारायचा, वीज न्यायची, केबल टाकायची म्हणजे परवानग्यांची लांबलचक वाट. काळीच्या पाण्यावर तयार झालेल्या विजेने दूरच्या शहरांतले फोन चार्ज होतात, नदीच्या उगमाकडच्या वाड्यांना मात्र रेंज शोधावी लागते.

फोन नवा असला तरी हातातलं काम ठरवून थांबवणं आपल्याला नवं नाही. जोयड्याला लागूनच असलेल्या खानापूर आणि बेळगाव पट्ट्यात पावसाळ्याच्या सुमारास वार पाळण्याची रीत अजून टिकून आहे. ठरलेल्या वारी औत शेतात जात नाही, काही ठिकाणी बाजारपेठही बंद राहते. सिंधुदुर्गात मालवण तालुक्यातल्या आचरा, चिंदर, वायंगणी या गावांत दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की अख्खा गाव गुराढोरांसह वेशीबाहेर पडतो, रानात झोपड्या उभारतो आणि तीन दिवस, तीन रात्री तिथे राहतो. या रीतींमागच्या श्रद्धा कुणाला पटतील, कुणाला पटणार नाहीत. त्यांची घडण मात्र बघण्यासारखी आहे. थांबायचं ते सगळ्यांनी मिळून, थांबण्याला मुदत असते आणि मुदत संपली की प्रत्येकजण आपल्या कामाला लागतो. शेजाऱ्याचं औत चालू आणि माझं बंद, अशी परीक्षा कुणाला द्यावी लागत नाही.

आधुनिक काळात याला व्यक्तिगत रूप आलं. गांधीजींनी सोमवार मौनाचा ठेवला. त्या दिवशी ते बोलत नसत, गरज पडली तर चिठ्ठीवर लिहीत. 1909मध्ये ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना त्यांनी रेल्वेवर कडक टीका केली होती, आणि पुढे भारतात परतल्यावर तीसहून अधिक वर्षं ते त्याच रेल्वेने देशभर हिंडले. यात अनेकांना विसंगती दिसते. मला त्यात एक उपयोगी भेद दिसतो. साधन टाकून देणं वेगळं आणि साधनाला आपल्या दिवसाचा मालक होऊ न देणं वेगळं. सोमवारचं मौन हे दुसऱ्या प्रकारातलं होतं. इगतपुरीला 1976पासून चालणारी विपश्यना शिबिरं त्याच वाटेवरची. दहा दिवस मौन, आणि आता मोबाइलही आल्याबरोबर जमा करायचा. शुल्क नाही, ज्याला जमेल त्याने शेवटी दान द्यावं.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी 1971मध्येच इशारा दिला होता की माहिती जितकी मुबलक होईल तितकं माणसाचं अवधान दुर्मीळ होईल. पुढे हे अवधानच बाजारात आलं. 2006च्या सुमारास कधीच न संपणारं पान तयार करण्याची युक्ती निघाली. बोट सरकवत राहा, खाली मजकूर येतच राहतो. ती घडवणाऱ्या आझा रास्किन यांनी पुढे तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. 2009मध्ये फेसबुकवर ‘लाइक’चं बटण आलं. भारतात 2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले आणि जपून वापरायची गोष्ट दिवसभर वाहू लागली.

उतारा लगेच निघाला, तोही बाजारातच. ‘डिजिटल डिटॉक्स’ हा शब्दप्रयोग ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात 2013मध्ये दाखल झाला. पुढच्या वर्षी बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरावर उपचार करणारं ‘शट’ नावाचं चिकित्सालय सुरू झालं. 2018मध्ये गुगल आणि ॲपल या दोघांनी पडद्यावरचा वेळ मोजून दाखवण्याची सोय आपापल्या फोनमध्ये दिली. रिसॉर्टवाल्यांनी फोनविरहित सुट्ट्या विकायला काढल्या. या टप्प्यावर सगळा भार एकट्या माणसाच्या निग्रहावर येऊन पडला. हजारो अभियंत्यांनी ज्याला खिळवून ठेवायची यंत्रणा उभारली, त्यालाच सांगितलं गेलं की तू मनावर ताबा ठेव.

हे जमत नाही याचं कारण माणूस दुबळा आहे एवढंच नाही. शाळेचा निरोप ग्रुपवर येतो, सोसायटीच्या पाण्याची वेळ ग्रुपवर कळते, साहेब रात्री दहाला काम पाठवतात. एकट्याने बाहेर पडायचं म्हणजे या सगळ्याला मुकायचं. फ्रान्सने 2017पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा कामगारांचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018मध्ये तसंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही, पण प्रश्न व्यक्तीच्या इच्छाशक्तीचा नसून सगळ्यांच्या वेळापत्रकाचा आहे, ही समज त्यात होती.

मग 2020 उजाडलं, करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि विचाराची दिशाच उलटली. ज्या फोनपासून मुलांना दूर ठेवा म्हणत होतो, तोच शाळा झाला. उत्तर कन्नडच्या डोंगराळ भागात मुलं रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसू लागली. कर्नाटक सरकारने त्या ऑगस्टमध्ये ‘विद्यागम’ योजना आणली, तेव्हा मुलांची विभागणीच साधनांवरून करावी लागली: इंटरनेट असलेली, साधा फोन असलेली आणि काहीच नसलेली. शेवटच्या गटाकडे शिक्षक स्वतः गेले. देवळात, समाजमंदिरात, झाडाखाली शिकवू लागले. संसर्गाच्या भीतीने ऑक्टोबरमध्ये तेही थांबलं. त्या वर्षी रेंज नसण्यात कुणालाही निसर्गसौंदर्य दिसलं नाही.

शाळा पुन्हा भरल्या, पण हातातला फोन सुटेना. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने यावर वेगळा मार्ग काढला. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने 15 ऑगस्ट 2022पासून तिथे रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरून भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात, बोलतात. सुरुवातीला मालिकेची वेळ चुकणार म्हणून कुरकुर झाली. शिक्षक, आशा आणि अंगणवाडी सेविका दारोदार फिरल्या. सांगलीकडचा असाच प्रयोग पाहून बेळगावजवळच्या हलगा गावानेही संध्याकाळी सात ते नऊ असा वेळ ठरवला. वार पाळण्याची आणि गावपळणीची घडण इथे परत आली, फक्त कौलाच्या जागी ग्रामसभा आली. सगळे एकाच वेळी बाजूला होतात, म्हणून कुणाचं काही चुकत नाही.

पण गावाने ठरवलं एवढ्यावर ते न्याय्य ठरत नाही. केरळमध्ये कोळिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी 6 ते 10 मोबाइल वापरायला मनाई होती. एका विद्यार्थिनीने नियम मानायला नकार दिला, तिला वसतिगृहातून काढलं गेलं आणि ती न्यायालयात गेली. सप्टेंबर 2019मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटची उपलब्धता हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घेण्याचा आदेश दिला. वेळ संध्याकाळचीच, हेतूही अभ्यासाचाच. तरी वडगावचा भोंगा मला मान्य आहे आणि वसतिगृहाचा नियम नाही. वडगावात सरपंचाचा फोनही बंद होतो, आजीची मालिकाही थांबते. वसतिगृहात नियम करणारे एक आणि पाळणाऱ्या दुसऱ्या होत्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने नोव्हेंबर 2022मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइल बंद करण्याचा ठराव केला, तोही याच कारणाने अपुरा वाटतो. बापाच्या हातात रात्री अकरापर्यंत फोन असेल तर मुलाला त्या ठरावातून एवढंच कळतं की मोठं झालं की मुभा मिळते.

म्हणजे पहिली कसोटी अशी: सांगणारा स्वतः पाळतो का? जोयडा दुसरी कसोटी पुढे ठेवतो: ज्याला कमी करायला सांगता, त्याच्याकडे ते आहे का? पोटभर जेवणाऱ्याने एकादशी धरली तर तो उपास; ज्याच्या घरात चूलच पेटली नाही त्याची ती उपासमार. आतल्या वाडीतल्या माणसाने फोन कमी वापरला यात त्याचं काही पुण्य नाही आणि त्याच्या साधेपणाचं कौतुक करणाऱ्यांचं तर मुळीच नाही.

शिवाय त्याच माणसाला सरकार पडद्याकडे ढकलतं आहे. रोजगार हमीच्या कामावरची हजेरी जानेवारी 2023पासून ॲपवर फोटो काढून द्यायची झाली. रेशनच्या यंत्रावर अंगठा उठला पाहिजे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जमिनीचा उतारा, बँकेचा ओटीपी, सगळं त्याच वाटेने. शहरातला वाचक ज्याला पडद्यावरचा वेळ म्हणतो त्यात रील असतात. या मजुराच्या पडद्यावरच्या वेळेत त्याची मजुरी असते. दोघांना एकच उपदेश लागू पडत नाही. जोयड्याच्या कुणब्यांनी पिकवलेली कंदमुळं आता मेळा भरवून विकली जातात. त्यांना गिऱ्हाईक जोडायला फोन हवाच.

‘रेंज आली की गाव बिघडेल’ असं म्हणणारे पुष्कळदा रेंजमध्ये राहणारे असतात. पण त्यांची भीती सगळी खोटी नाही. केंद्र सरकारने जुलै 2022मध्ये रेंज नसलेल्या 24,680 गावांत 4जी नेण्याची 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आज ना उद्या अशा वाड्यांवर टॉवर उभे राहतील. शहरांना रेडिओ, टीव्ही, संगणक, मग फोन अशा पायऱ्या मिळाल्या. या वाड्यांना रील, जुगाराची ॲप आणि झटपट कर्ज एकदम मिळेल. शाळेतल्या मुलाला पहिला पडदा मिळेल तोच कधी न संपणारा. तिथे नंतर उपचार करत बसण्यापेक्षा आधी ठरवणं सोपं आहे, कारण अजून सवय लागलेली नाही. शहरांनी ही संधी केव्हाच घालवली, जोयड्याच्या वाड्यांकडे ती अजून आहे.

म्हणून मागणी दुहेरी असावी. टॉवर हवा आणि तो जंगलाला कमीत कमी धक्का लावून हवा. 108ला फोन लागलाच पाहिजे, हजेरी चढलीच पाहिजे. आणि टॉवरच्या मागणीचा ठराव ज्या ग्रामसभेत होईल, तिथेच संध्याकाळच्या बंद तासाचाही ठराव व्हावा. तो तास लहानथोर सगळ्यांना सारखा लागू असावा आणि अडल्यानडल्याच्या फोनला सूट असावी. होम स्टेवाल्यांनी तोच तास पाहुण्यांनाही पाळायला सांगावा. शांततेसाठी पैसे मोजून आलेल्यांना ते जड जाऊ नये. रेंज नसण्याची जाहिरात करण्यापेक्षा रेंज असून फोन खाली ठेवणारं गाव दाखवणं जास्त अभिमानाचं आहे. आणि शहरात बसून हे वाचणाऱ्यांनी जोयड्याच्या शांततेचा हेवा करण्याआधी आपल्या इमारतीत, आपल्या कचेरीत असा एक तास सगळ्यांनी मिळून ठरवून पाहावा. तो ठरवायला जंगलात जावं लागत नाही.