तीच बोट, की दुसरी?



ग्रीक लेखक प्लुटार्क याने एक जुना वाद नोंदवून ठेवला आहे. थीसियस या वीराचे गलबत अथेन्सच्या लोकांनी जपले. फळी कुजली की ते नवी बसवीत. मग ते गलबत तेच राहिले का?

हा केवळ तत्त्वज्ञांचा खेळ नव्हे. स्कॉटलंडमध्ये 'वेव्हर्ली' नावाची आगबोट आहे. १९४७ पासून ती प्रवासी नेऊ लागली. दोन्ही बाजूंची मोठी चाके पाणी मागे लोटतात आणि बोट पुढे जाते. १९७४ साली मालकांनी ती अवघ्या एका पौंडाला आगबोटप्रेमींच्या संस्थेला दिली. स्वयंसेवकांनी निधी जमवला, डागडुजी केली, रंग दिला आणि १९७५ साली ती पुन्हा समुद्रावर निघाली. तेव्हापासून तिचे बॉयलर १९८१, २००० आणि २०२० अशा तीन वेळा बदलले. वाफेचे इंजिन मात्र मूळचेच आहे.

धक्क्याला बांधून ठेवली असती, तर जुने लोखंड अधिक उरले असते. पण तिचे काम थांबले असते. डिझेल इंजिन बसवले असते, तर काम चालले असते. पण ती आगबोट उरली नसती. म्हणजे ओळख केवळ द्रव्यात नाही आणि केवळ उपयोगातही नाही. कशाच्या जिवावर वस्तू आपले काम करते, ते आधी ओळखावे लागते. ते राखण्यासाठी बाकीचे बदलणे हीच निष्ठा.

उद्या इंजिनच थकले तर? तेव्हा निर्णय कठीण होईल. आपल्या घरातल्या, गावातल्या जुन्या रीती जपताना हाच प्रश्न आपल्यापुढे येतो: यातले बॉयलर कोणते आणि इंजिन कोणते?